फलाट क्रमांक एक, अंबाजीनानांची ओटी

आमच्या शेजारच्या अंबाजीनानांना देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या. एक, मोत्यासारखं अक्षर. दुसरी, हट्ट. पहिलीने त्यांचं नाव झालं आणि दुसरीने शेजाऱ्यांचं डोकं खाल्लं. शेजारी म्हणजे मी. माझी पिठाची गिरण त्यांच्या कुंपणाला लागून आहे, त्यामुळे त्यांच्या घरात वाटी पडली तरी मला कळतं, आणि मला कळलं की वाडीला कळतं. त्याला माझा इलाज नाही. गिरणीत आवाज फार, बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं.

नाना बोर्ली पंचतनच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण नोकरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. अजून कुणी विचारलं, "नाना, कुठे निघालात?" तर म्हणतात, "श्रीवर्धन. मार्गे शेखाडी." भाचीच्या साखरपुड्याला निघालेला माणूस, पण मार्ग सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. बोलणंही तसलंच, सरकारी. चहा नको असेल तर "चहा रद्द समजावा" म्हणतील.

स्टँडवरच्या पाट्या ते स्वतः रंगवायचे. तांबड्या रंगावर पांढरी अक्षरं. 'थुंकू नये' हेसुद्धा इतकं देखणं लिहायचे, की तोंडात पानाचा तोबरा भरून आलेला माणूस ते वाचत उभा राहायचा आणि वाचता वाचता गिळून टाकायचा.

त्यांच्या बायकोचं नाव कोकिळा. आमची कोकिळाकाकी. नानांची ड्युटी असली की रोज दुपारी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन ही बाई वाडीतून चालत स्टँडवर जायची. तिथे सिमेंटच्या बाकावर बसून राहायची. नाना जेवले की रिकामा डबा उचलायचा आणि घरी. ड्युटीवर नाना तिच्याशी एक शब्द बोलायचे नाहीत. आम्ही चिडवायचो, "काकी, एवढी उन्हाची जातेस, तुझा कंट्रोलर बोलतो तरी का?" तर ती म्हणायची, "भोंग्यावरनं बोलतो की. तुमचे नवरे घरात कुजबुजतात, माझा सगळ्या गावाला ऐकवतो."

हा डबा लक्षात ठेवा. पुढे त्यानेच आमचा घाम काढला.

काकी विसरायला लागली त्याला आता बरेच दिवस झाले. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, तेव्हा आम्ही हसलो. मग नावं गेली. मग घरातल्या घरात तिला मोरी सापडेना. त्यात मुलाने, रितेशने, मागची पडवी पाडून स्लॅब घातला होता आणि एका रांगेत चार दरवाजे बसवले होते, चारही एका मापाचे, एका रंगाचे, शाळेतल्या कवायतीसारखे. मोरीसाठी निघालेली काकी तांदळाच्या कोठीत जाऊन उभी राहायची. तिथून रडकुंडीला येऊन बाहेर. आणि नाना मागून, "अगं डावीकडे. डावीकडे म्हणतो ना." जिला दार कळत नाही तिला डावं कुठून कळणार, पण नानांना सांगायचं कुणी.

माणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा विसर वाढत जाणार, औषधाचा आधार थोडा, माणसांचा जास्त. घरात तिला वाट सापडावी म्हणून ओळखीच्या खुणा करा, म्हणाले. मी सोबत होते, माझ्या कानांनी ऐकलं. खुणा म्हणाले.

नाना घरी आले आणि माळ्यावरून रंगाचे डबे काढले.

चार दिवसांत घराची जी दशा झाली ती सांगते. मोरीवर पाटी. संडासावर पाटी, खाली कंसात 'फक्त महिलांसाठी', म्हणजे नाना स्वतः कुठे जायचे ते मी विचारलं नाही. देवघरावर 'पादत्राणे बाहेर काढावीत'. विहिरीवर 'धोका'. परसातल्या फणसाखाली 'येथे वाहने उभी करू नयेत', आणि वाहन म्हणाल तर घरात एक सायकल, तीही पंक्चर. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक, चहा, नाश्ता, जेवण, औषध. आणि ओटीवर त्यांची स्वतःची लाकडी खुर्ची, तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'चौकशी'.

"नाना," मी म्हटलं, "हे घर हाय का काय हाय?"

"रचना, व्यवस्था असली की माणूस चुकत नाही. चुकतो तो अव्यवस्थेने."

"मग 'थुंकू नये' ऱ्हायलं."

"ते वाळतंय," नाना म्हणाले. खरंच वाळत होतं, कुंपणावर.

आणि राग कशाचा, तर पाट्या चालल्या. काकी चौथीपर्यंत शिकलेली, वाचायची विसरली नव्हती. पहिल्याच दिवशी उठली, बोट लावून लावून 'मोरी' वाचलं आणि बरोबर मोरीत गेली. नानांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं मोजून घ्यावीत. मला गिरण बंद करून बघायला बोलावलं. काकीला पुन्हा मोरीत जायला लावलं. ती बिचारी गेली, तोंड धुऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. काकी ओटीवर आली, नानांच्या खुर्चीसमोर उभी राहिली, वर बघून 'चौकशी' वाचलं, पदर सावरला आणि विचारलं, "साहेब, आमच्या वाडीकडं जाणारी गाडी कवा हाय?"

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अगं कोकिळा, हेच आपलं घर. पण हे अंबाजीनाना. उभी हयात ज्या प्रश्नाला एकच उत्तर दिलं तो प्रश्न समोर आल्यावर तोंड आपोआप उघडलं. "बसून घ्या. लागेल फलाटावर."

आणि काकी बसली की. ओटीच्या कट्ट्यावर, गुडघ्यांवर हात ठेवून.

"नाना, काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"अगं, थट्टा करते ती. पहिल्यापासून थट्टेखोर आहे." खुश होते नाना. बायको आपल्याशी थट्टा करते म्हणून खुश. मी कपाळावर हात मारला, हाताला पीठ होतं, दिवसभर कपाळ पांढरं.

थट्टा कसली. त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की काकी नाहीशी व्हायला लागली. आधी घरात चुकणारी बाई आता बाहेर चुकू लागली. नाना हात धुऊन येईपर्यंत ही फाटकाबाहेर. पहिल्यांदा विनेशला सापडली, आमचा मिनीडोर रिक्षावाला. दिवेआगरच्या रस्त्याला सुरूच्या झाडांकडे चालली होती, हातात रिकामा डबा. विनेशने रिक्षा थांबवली तर स्वतःच चढून बसली आणि म्हणाली, "घरी सोड रे बाबा, लय येळ झाला." विनेशने वाडीत आणून घरासमोर उतरवलं. ती घराकडे बघून त्याला म्हणते, "अरे, हितनंच तर निघालं मी. परत हितंच काय आणलंस?"

विनेशचा चेहरा बघण्यासारखा होता. "वैनी," मला म्हणाला, "म्हातारीचं भाडं घेऊ का परत घेऊन जाऊ?"

हे रितेशला कळलं. तो नवी मुंबईत कामोठ्याला असतो, कंपनीत आहे. त्याचा फोन आला तेव्हा नानांनी स्पीकर लावला होता, कारण त्यांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही. म्हणजे मी काही कुंपणाशी मुद्दाम उभी नव्हते.

"बाबा, हे असं चालणार नाही. आता एकदा जरी आई अशी रस्त्यावर सापडली ना, मी गाडी घेऊन येणार आणि तिला इकडे आणणार. सातवा मजला आहे, खाली वॉचमन आहे. बाहेर जाऊच शकत नाही."

"आणि आत?" नाना म्हणाले.

"आत काय?"

"आत तिला मोरी सापडेल?"

रितेश "दाराला लॅच आहे बाबा," म्हणाला. विचारलं एक, उत्तर दुसरंच. मुलगा वाईट नाही, घाबरलेला आहे. दोघं नोकरीला जाणार, आई दिवसभर कुलपाच्या आत, हे त्यालाही दिसत असणारच.

फोन ठेवून नाना गिरणीत आले. दळण नाही, काही नाही, नुसते उभे. "रचने," म्हणाले, "कामोठ्याला तिच्या वळखीचा एक दगडसुदीक न्हाय गं." नाना शुद्ध बोलायचे थांबले की समजावं, माणूस आतून हलला आहे. मला वाईट वाटलं. आता हा माणूस काहीतरी शहाणपणाचं करेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण उघडायला आले तर माझ्या दारावर पाटी. 'अंबाजी यांचे घर', पुढे बाण.

नारळावर बाण. विजेच्या खांबावर बाण. पिंपळाच्या पारावर बाण. सगळ्या वाडीतून बाण निघून नानांच्या ओटीवर पोचत होते. काकीला त्यांचा काय उपयोग झाला ते देव जाणे, पण दिवेआगरला निघालेले मुंबईचे पाहुणे मात्र वळू लागले. गाड्या दारात थांबायच्या. "रूम आहे का? एसी? मच्छी मिळेल का?" नाना खुर्चीवरून सांगायचे, "ही खाजगी मालमत्ता आहे." आणि काकी आतून पाणी आणून त्यांना म्हणायची, "बसा. आमची पण गाडी यायची हाय." एक कुटुंब खरंच तासभर बसलं. जाताना म्हणालं की जागा छान आहे, फक्त सर्व्हिस स्लो.

माझ्या गिऱ्हाइकांचा तर ताप झाला. पलीकडच्या वाडीतून दळण घेऊन आलेल्या बायका बाण बघत बघत डबे नानांच्या ओटीवर ठेवून जायला लागल्या. मी नानांशी आठवडाभर भांडत होते, ते मला आठवडाभर सांगत होते की तक्रार लेखी द्यावी.

मग काकी पुन्हा गेली. त्याच वेळेला, जेवणानंतर, तोच डबा घेऊन. ह्यावेळी बोर्लीच्या बाजारात, मासळीवाल्यांच्या ओळीत सापडली. ज्याला सापडली त्याने शहाणपणा असा केला की तिचा फोटो आधी काढला, वाडीच्या ग्रुपवर टाकला, 'ह्या आजी कुणाच्या', आणि मग तिला पाणी दिलं. नाना परसात शोधत होते तोवर कामोठ्याला रितेशने फोटो बघितलासुद्धा. त्याने फोन केला नाही. एक ओळ पाठवली. रविवारी येतोय, आईचे कपडे भरून ठेवा.

नानांनी ती ओळ मला दाखवली. मग बॅग काढायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकी माझ्या गिरणीत शिरली. हातात रिकामा डबा. मी पट्टा बंद केला, म्हटलं निदान माझ्याकडे तरी आली.

"काकी, कुठं निघालीस?"

"घरी. ते जेवले ना. आता किती येळ बसू स्टँडवर?"

"कुठल्या गं स्टँडवर?"

तिने हनुवटीने कुंपणापलीकडे दाखवलं. स्वतःच्या घराकडे. "ह्यो काय. पाट्या दिसत न्हाईत तुला?"

मी बघितलं. तांबड्यावर पांढऱ्या पाट्या. बाकासारखा कट्टा. चौकशीखाली बसून ढेकर देणारे नाना. वेळापत्रक. बाण. त्या बाईने जन्मभर हे असं एकच ठिकाण बघितलं होतं, आणि तिथे तिचं एकच काम होतं. डबा द्यायचा, ते जेवेपर्यंत बसायचं, रिकामा डबा घेऊन घरी जायचं. ती बरोबर वागत होती. चुकत होतो आम्ही.

मी तिला हाताला धरून घेऊन गेले आणि नानांसमोर उभी राहिले.

"नाना, तुम्ही घराचा स्टँड केलात. बाई घरी जायचं म्हणते तर तिचं काय चुकलं?"

"काय बोलतेस?"

"जेवण झालं की का जाते? सांगा ना, चौकशीत बसलाय ना तुम्ही. तुमचा डबा रिकामा झाला की तिची पाळी संपते. आणि तुम्ही तिला सांगता गाडी लागेल. न्हाय लागली की चालत निघते. तुमच्याच अक्षराने तुमच्या बायकोला घराबाहेर काढलंय."

हे जरा जास्त झालं असेल. नाना लाल झाले. म्हणाले की ह्या अक्षराने श्रीवर्धन तालुका वर्षानुवर्षं योग्य गाडीत बसवला आहे, गिरणीवालीने शिकवू नये. मी म्हटलं तालुका बसवलात, बायको तेवढी उतरवलीत. ते आत गेले. मी घरी आले आणि रागाने भांडी घासली, स्वच्छ होती ती पण.

तासाभराने ठकठक ऐकू आली. नाना शिडीवर, एकेक पाटी उतरवत होते. उतरवताना प्रत्येक पाटी धोतराच्या सोग्याने पुसत होते. ते बघवेना, म्हणून मी मुद्दाम ओरडले, "नाना, 'थुंकू नये' ठेवा, कामाला येईल."

"सेवा खंडित," नाना म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

आता तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. कसलं मिटतंय. पाट्या गेल्या आणि काकी घराबाहेर जायची थांबली, पण घरात पुन्हा तेच चार कवायतीचे दरवाजे. सकाळी तिला मोरी सापडली नाही, ओटीवरच लुगडं ओलं झालं. ती कोपऱ्यात तोंड लपवून उभी. नाना फडकं घेऊन फरशी पुसत होते आणि मला म्हणाले, "आता सांग, पाटी लावू की काढू?"

लावली तर घर सुटतं, काढली तर मोरी. आणि रविवार तोंडावर. वाडीत कुणाला न सुचणारा टोमणा मला सुचतो, पण हे सुचेना. चिडचिड नुसती. नानांवर, रितेशवर, त्या दरवाजे विकणाऱ्यावर.

सुचलं ते गिरणीतच. संध्याकाळी नाना काकीला घेऊन पीठ न्यायला आले. दिवसभराची दळणं भिंतीशी लागली होती, सगळे पत्र्याचे डबे, सगळे एकसारखे. गिरणीत कुणी डब्यावर नाव लिहीत नाही. पिठाने नाव झाकलं जातं, आणि घाईत वाचायचं कुणी. जिची तिची खूण असते. कुणी कडीला सुतळी बांधते, कुणी फुटकी बांगडी अडकवते. काकीच्या डब्याला वर्षानुवर्षं जांभळ्या पातळाची चिंधी आहे, जुनी विरली की त्याच पातळाची नवी. आणि दुसरीच्या खुणेच्या डब्याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही, भांडणात असल्या तरी नाही.

नाना चष्मा पुसत डबे शोधत होते. काकी सरळ गेली, पाचपन्नास डब्यांतून एकावर हात ठेवला, चिंधीची गाठ चाचपली आणि म्हणाली, "ह्यो माझा."

तिच्या आजाराला आरंभ झाला तेव्हापासून ती हे करत होती. दर चार दिवसांनी, माझ्या नाकासमोर. मला स्वतःचाच असा राग आला की मी नानांवर ओरडले.

"नाना, ते जांभळं पातळ कुठं हाय?"

"कुठलं?"

"अहो ह्या चिंधीचं. उरलंय का?"

"तिच्या पेटीत असेल. का?"

"फाडायचंय."

नानांना समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर पटायला त्याहून. एवढी सुबक पाटी सोडून दाराला चिंधी म्हणजे त्यांना अपमान वाटत होता. "लोक म्हणतील घराला नवस बोललाय." मी म्हटलं लोक काय म्हणतील ते मी ठरवते, तुम्ही फाडा. पातळ फाडण्याआधी मात्र त्यांनी ते एकदा मांडीवर पसरून हाताने सारखं केलं. त्यांनीच घेतलं होतं ते, पहिल्या बोनसचं.

मोरीच्या कडीला चिंधी, स्वयंपाकघराच्या दाराला चिंधी, तिच्या खाटेच्या पायाला चिंधी. कोठीला नाही, माळ्याच्या जिन्याला नाही, फाटकाला अजिबात नाही. पहिल्या दिवशी काकीने काय केलं, तर एक चिंधी सोडून आणून माझ्या गिरणीच्या दाराला बांधली आणि आत येऊन माझ्या रिकाम्या पोत्यांवर झोपली. माझं दुकान तिच्या नावावर झालं. मग नानांनी एसटीच्या टपावर सामान बांधायची गाठ मारली, जी सुटत नाही, कापावी लागते. त्यानंतर जमलं. रोज नाही, पण बहुतेक वेळा. कडी दिसली की गाठ चाचपायची, "ह्यो माझा", आणि आत.

एकच गोष्ट राहिली होती. नानांना ती अजून 'साहेब'च म्हणत होती. चौकशीची पाटी उतरली होती, पण खुर्ची तीच, माणूस तोच, बसायची ऐटही तीच. मी त्यावर थट्टा केली नाही. काही थट्टा करता येत नाहीत.

रविवारी रितेश आला. गाडी उलटी लावून, तोंड रस्त्याकडे करून. म्हणजे ठरवूनच आला होता. मी ताकाची चरवी घेऊन गेले, शेजारधर्म म्हणून, आणि तिथेच बसले, तोही शेजारधर्मच.

रितेशने चिंध्या बघितल्या. "हे काय नवीन, बाबा? भूतबाधा?"

"ओळखीच्या खुणा," नाना म्हणाले. "वैद्यकीय सल्ल्यानुसार."

जेवणं झाली. रितेश आत जाऊन भरलेली बॅग घेऊन आला आणि नेमकं तेव्हा काकीने फळीवरचा जेवणाचा रिकामा डबा उचलला आणि चालू लागली. ओटी, पायरी, अंगण. रितेश झटकन उठला. नानांनी हात आडवा केला, मागे येणारी एसटी थांबवावी तसा. "थांब. जाऊ दे."

"बाबा, फाटक उघडं आहे."

"थांब म्हटलं ना."



काकी फाटकापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला, चाचपलं. काही लागलं नाही. समोर रितेशची गाडी. तिच्याकडे बघून तिने विचारलं, "ही कुठं जाते?"

"कामोठ्याला, आई," रितेश म्हणाला.

"मला न्हाय जायचं तिकडं," काकी म्हणाली आणि मागे वळली. अंगणात उभी राहून घराकडे बघत राहिली. तिला स्वयंपाकघराच्या दाराचं जांभळं दिसलं असावं, कारण त्या दिशेने निघाली. वाटेत नानांची खुर्ची. तिथे नेहमीसारखी थांबली, पदर सावरला.

"साहेब..."

आणि बोलता बोलता थांबली. नानांनी सदऱ्याची बाही वर सारली होती. मनगटाला जांभळी चिंधी, तीच टपावरची गाठ. कधी बांधली होती कुणास ठाऊक, मला पत्ता लागू दिला नव्हता, आणि माझ्यापासून काही लपवणं ह्या वाडीत सोपं नाही.

काकीने गाठीवर बोट ठेवलं. एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं.

"ह्यो माझा," म्हणाली. मग चिंधीत दोन बोटं अडकवून, डब्याची कडी धरावी तसं तिने नानांना खुर्चीवरून उठवलं. "चला आत. उन्हात काय बसलाव?"

नाना तिच्या मागून गेले. रितेश हातात बॅग घेऊन उभा होता आणि विनाकारण ट्यूबलाइटकडे बघत होता. मग बॅग खाली ठेवली. म्हणाला, "गणपतीला येतोच आहे. तेव्हा बघू." आणि जाताना मोरीच्या चिंधीचा फोटो काढून घेतला. एक चिंधी खिशात घालून नेली. कामोठ्याला कशाला हवी होती ते मी विचारलं नाही, पण त्याचे डोळे बघून टोमणा तोंडातच राहिला.

नानांना मात्र मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारलं, "काय नाना, दळून झालात का? बारीक की जाडं?"

"रवाळ," नाना म्हणाले. माणूस रंगात होता.

आता हे सगळं इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, नाना सुधारले. पण कसले सुधारतात. काकीचे काही दिवस वाईट जातात, चिंधी बघूनही दार ओळखत नाही, नानांनाही नाही. तेव्हा नाना मनगट पुढे करून तिथेच बसून राहतात. पण बाकी वाडीला हे सांगत फिरतात की ही व्यवस्था मूळ त्यांची. गिरणीचं नाव नाही, माझं तर नाहीच.

आणि काल सकाळी फाटकावर नवी पाटी. तांबड्यावर पांढरं. 'चिंध्या सोडू नयेत. हुकमावरून.'

मी ती वाचत उभी होते तोवर काकी शेजारी येऊन उभी राहिली. बोट लावून लावून तिने पाटी पूर्ण वाचली. मग मला म्हणाली, "ह्या स्टँडवरच्या चिंध्या कोण कशापायी सोडेल गं? आणि आपली गाडी कवा हाय?"

मी स्टूल आणलं, पाटी उपटली आणि गिरणीत नेऊन पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. संध्याकाळी नाना आले. मला वाटलं भांडतील. मी कमरेला पदर खोचून तयार होते. त्यांनी पिंपाकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"'ध्या' जरा दाटीचा झालाय," म्हणाले. "पण 'सोडू' बरा उतरलाय, न्हाय?"